कठोरपणाचीं इंग्रजी नांवें

मराठी घरांत ‘कडक’ या शब्दाला दिवसभर विसांवा म्हणून मिळत नाहीं. सकाळचा चहा कडक हवा असतो. कचेरींत जातांना अंगावर चढणारा सदरा कडक इस्त्रीचा असतो. बाहेर पडावें तर ऊन कडक असतें. आजीचें सोंवळें कडक, एकादशीचा उपास कडक, मुलांचे मास्तर कडक आणि कचेरींतले साहेब त्यांच्याहूनहि कडक. सरकारनें कायदा केला तर तो कडक, आणि तो मोडणारावर व्हावयाची ती कारवाईहि कडकच. एवढीं सगळीं कामें हा एकटा शब्द बिनबोभाट उरकतो, कारण ऐकणाराला प्रसंगावरून अर्थ उमगत असतो. कडक चहा पिणाराला शिस्त लागत नाहीं, आणि कडक मास्तरांत कोणी दूध-साखर घालीत नाहीं.

अडचण येते ती हा शब्द इंग्रजींत नेतांना. तेथें या एका शब्दाच्या जागीं डझनभर शब्द हात जोडून उभे असतात: स्ट्रिक्ट, स्टर्न, सिव्हिअर, हार्श, रिगरस, ग्रिम, ऑस्टिअर, फर्म आणि असेच आणखी कित्येक. कोश उघडून पाहावें, तर यांतला प्रत्येक शब्द आपला अर्थ सांगण्यासाठीं दुसऱ्याला साक्षीला बोलावतो, आणि दुसरा पहिल्याला. विद्यार्थी कंटाळून हाताला येईल तो शब्द उचलतो. त्याचा परिणाम कधीं हास्यास्पद होतो, तर कधीं त्याहून वाईट. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांच्या मानपत्रांत ‘कडक शिस्तीचे’ असें म्हणावयाचें म्हणून एकाद्या कृतज्ञ विद्यार्थ्यानें ‘हार्श’ हा शब्द घातला, तर त्या मानपत्राचा तक्रारअर्ज होतो. एकाद्या अधिकाऱ्यानें हाताखालच्या माणसाविषयीं गुप्त शेरा लिहितांना ‘स्ट्रिक्ट’ऐवजीं ‘सिव्हिअर’ लिहिलें, तर तो शेरा वाचणारा वरिष्ठ त्या माणसाच्या हातीं चार माणसें सोंपवावयास कचरतो. येथें शब्द चुकला म्हणजे नुसती भाषा बिघडते असें नव्हे. एका माणसाविषयीं चुकीचा निवाडा दिला जातो, आणि तो कागदावर कायम राहतो.

हे शब्द वेगळे ओळखण्यास पाठांतराचा उपयोग थोडा. त्यापेक्षां एक साधा प्रश्न विचारावा: या कठोरपणाचें बिऱ्हाड आहे कोठें? तो नियमांत राहतो, कीं चेहऱ्यावर? दुसऱ्याला बसणाऱ्या तडाख्यांत राहतो, कीं स्वतःच्याच राहणींत? हें घर एकदां सांपडलें कीं शब्द सहसा चुकत नाहीं.

पहिला शब्द ‘स्ट्रिक्ट’. याचें मूळ लॅटिन भाषेंतील ‘स्ट्रिंगेरे’ या क्रियापदांत आहे. त्याचा अर्थ ओढून घट्ट करणें, आवळणें. दोरी सैल राहूं न देणें, ही या शब्दाच्या मुळाशीं असलेली कल्पना. त्याचें गोत फार मोठें आहे. दोन भूभागांमध्यें आवळल्या गेलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीला इंग्रजींत ‘स्ट्रेट’ म्हणतात, ती याच घराण्यांतली. ताण या अर्थाचा ‘स्ट्रेन’, मर्यादा घालणें या अर्थाचा ‘रिस्ट्रिक्ट’, हेहि त्याच कुळांतले. फार काय, ‘डिस्ट्रिक्ट’ हा शब्दसुद्धां त्यांचाच भाऊबंद. मध्ययुगीन युरोपांत ज्या मुलखावर एकाद्या सरदाराची न्यायदानाची आणि दंडवसुलीची हुकमत चाले, तो त्याचा डिस्ट्रिक्ट. इंग्रजी अमलाबरोबर तो शब्द हिंदुस्थानांत आला आणि जिल्ह्याचें इंग्रजी नांव होऊन बसला.

तेव्हां ‘स्ट्रिक्ट’ या शब्दाचें घर नियमांत आहे. ठरलेल्या रेषेपासून तसूभरहि ढळूं न देणारा, तो स्ट्रिक्ट. या शब्दांत राग नाहीं, आरडाओरडा नाहीं, छडी तर मुळींच नाहीं. घंटा झाली कीं वर्गाचें दार लावून घेणारे, पण दिवसभर हंसतमुख असणारे शिक्षक स्ट्रिक्ट म्हणवून घेण्यास सर्वस्वीं पात्र आहेत. अंड्याचाहि स्पर्श न चालणारा शाकाहारी मनुष्य इंग्रजींत स्ट्रिक्ट व्हेजिटेरियन होतो. त्याच्या शाकाहाराला दुसऱ्यावर डोळे वटारण्याची गरज पडत नाहीं. मराठींत या शब्दाच्या सर्वांत जवळचे शब्द ‘काटेकोर’ आणि ‘शिस्तीचा’ हे होत. याच घरचा ‘स्ट्रिंजंट’ हा शब्द मात्र माणसाला लावावयाचा नसतो. तो कायद्याला, अटींना, परीक्षेच्या निकषांना लागतो. कर्जाच्या अटी स्ट्रिंजंट असतात; सावकार नव्हे.

‘स्टर्न’ या शब्दाचें घर निराळें. हा लॅटिनकडून आलेला पाहुणा नसून अँग्लो-सॅक्सन काळापासून इंग्रजांच्या घरांत वाढलेला शब्द आहे. गलबताच्या मागच्या भागालाहि ‘स्टर्न’च म्हणतात, परंतु तो शब्द वेगळा, त्याचा संबंध सुकाणूशीं आहे, स्वभावाशीं नाहीं. विशेषण म्हणून येणारा स्टर्न हा मुख्यतः मुद्रेवर राहतो. कपाळावरची आठी, घट्ट मिटलेले ओठ, रोखलेली नजर, एका सुरांत काढलेले थोडके शब्द, हें त्याचें क्षेत्र. म्हणून इंग्रजींत नजर स्टर्न असते, आवाज स्टर्न असतो, ताकीद स्टर्न असते. मराठींत ‘करडी नजर’ म्हणतात, तिच्याशीं त्याचें गोत्र बरोबर जुळतें.

मुद्रा आणि अंतःकरण यांची नेहमींच गांठ असते असें नाहीं, आणि स्टर्न या शब्दाची खरी गंमत येथेंच आहे. ऑलिव्हर गोल्डस्मिथ यानें १७७० सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘द डेझर्टेड व्हिलेज’ या काव्यांत खेड्यांतल्या शाळामास्तरांचें एक चित्र आहे. हिंदुस्थानांतील इंग्रजी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या तें शिकविलें गेलें. गोल्डस्मिथनें त्या मास्तरांना सिव्हिअर आणि स्टर्न हीं दोन्ही विशेषणें एकाच ओळींत दिलीं आहेत. परंतु त्यांची वांटणी मोठी काळजीपूर्वक केली आहे. मास्तर सिव्हिअर होते, आणि दिसावयास स्टर्न होते. एक शब्द वागण्याला, दुसरा दर्शनाला. पोरें सकाळीं मास्तरांच्या तोंडाकडे पाहून दिवस कसा जाणार हें ताडीत, आणि त्यांनीं विनोद केला कीं खोटें खोटें हंसत. एवढें सांगून कवि लगेच जोडतो कीं, मनुष्य मनाचा दयाळू होता, आणि त्याच्यांत कांहीं कठोरपणा असेल तर दोष त्याच्या विद्येच्या प्रेमाचा. फणसाला कांटे असतात म्हणून गरे कडू असतात असें कोणी म्हणत नाहीं. स्टर्न हा शब्द त्या कांट्यांपुरताच बोलतो, गऱ्यांविषयीं निकाल देत नाहीं.

या मुद्रेच्या प्रदेशांतच ‘ग्रिम’ आणि ‘डाउर’ असे आणखी दोघे राहतात. स्टर्न माणूस हंसण्याची शक्यता शिल्लक असते. ग्रिम माणसाच्या बाबतींत ती जवळजवळ संपलेली असते. ग्रिम या शब्दावर भीतीची आणि अशुभाची सावली आहे. युद्धाची बातमी ग्रिम असते, ओस पडलेला जुना वाडा ग्रिम दिसतो, आणि हातांत कोयता घेऊन येणाऱ्या मृत्यूलाहि इंग्रजींत हेंच विशेषण आहे. ‘डाउर’ हा स्कॉटलंडकडून आलेला शब्द. आनंदाला घरांत थारा न देणाऱ्या, हट्टी आणि अबोल माणसाचें तें वर्णन. म्हणून एकाद्या करारी गृहस्थांना गौरवानें ग्रिम म्हणणें म्हणजे त्यांच्या दिवाणखान्यांतला दिवा मालवून टाकण्यासारखें आहे.

तिसरा मोठा शब्द ‘सिव्हिअर’. हा लॅटिन ‘सेव्हेरुस’पासून निघाला. चिकाटी या अर्थाचा ‘पर्सिव्हिअरन्स’ याच मुळापासून आला आहे, हें सहसा लक्षांत येत नाहीं. स्वतःशीं कठोर राहून काम तडीस नेणें, हा त्यांतला भाव. आजच्या इंग्रजींत मात्र सिव्हिअर या शब्दाचें घर आहे तें तडाख्यांत, तीव्रतेंत. कडाक्याची थंडी सिव्हिअर, दुष्काळ सिव्हिअर, डोकेदुखी सिव्हिअर, जखम सिव्हिअर. थंडीला कोणाचा राग आलेला नसतो आणि डोकेदुखी कोणताहि नियम पाळीत नसते. त्यामुळें त्यांना स्टर्न किंवा स्ट्रिक्ट म्हणतां येत नाहीं. किती जोरानें लागलें, एवढेंच सिव्हिअर सांगतो. शिक्षा जबर असेल तर तीहि सिव्हिअरच.

मराठी माणसाची ठेंच नेमकी येथें लागते. ‘कडक शिक्षा’ म्हणजे ‘स्ट्रिक्ट पनिशमेंट’ असें भाषांतर सर्रास होतें. परंतु शिक्षा आवळतां येत नाहीं. आवळावयाचा तो नियम. इंग्रजी कानाला सिव्हिअर पनिशमेंट रुचतें. तसेंच ‘कडक कारवाई’साठीं ‘स्ट्रिक्ट ॲक्शन’ हा प्रयोग हिंदुस्थानांतील इंग्रजी वृत्तपत्रांत रोज छापला जातो आणि येथल्या वाचकाला तो खटकत नाहीं. इंग्लंडांतला लेखक त्या जागीं बहुधा ‘फर्म’ किंवा ‘टफ’ हें विशेषण घालील. याहून मोठा खड्डा ‘हार्ड’ या शब्दापाशीं आहे. हार्ड म्हणजे कठीण, तेव्हां ‘हार्डली’ म्हणजे कठोरपणें, असा हिशेब विद्यार्थी करतात. ‘मास्तरांनीं मला हार्डली शिक्षा केली’ असें इंग्रजींत लिहिणारा मुलगा प्रत्यक्षांत सांगत असतो कीं, मास्तरांनीं शिक्षा जवळजवळ केलीच नाहीं. मास्तरांची कीर्ति वाढते, पण मुलाची तक्रार वायां जाते.

सिव्हिअरच्या शेजारींच ‘हार्श’ राहतो, परंतु दोघांच्या उंबरठ्यांत मोठें अंतर आहे. हार्श हा शब्द प्रथम स्पर्शाचा होता. हाताला खरखरीत लागणारी वस्तु ती हार्श. तेथून तो कानाला खुपणाऱ्या आवाजाकडे, डोळ्यांना खुपणाऱ्या उजेडाकडे आणि शेवटीं मनाला खुपणाऱ्या वागणुकीकडे गेला. खुपणें हा त्याचा प्राण आहे. न्यायाधीशानें दिलेली शिक्षा सिव्हिअर होती असें म्हटलें, तर ती मोठी होती एवढेंच कळतें. ती योग्यहि असूं शकेल. तीच शिक्षा हार्श होती असें म्हटलें, कीं बोलणारा आरोपीच्या बाजूला जाऊन उभा राहतो. म्हणजे सिव्हिअर या शब्दांत मोजमाप आहे. हार्श या शब्दांत तक्रार आहे.

कायद्याच्या भाषेंत आणखी एक शब्द वावरतो, तो ‘रिगरस’. याचें लॅटिन मूळ ताठरपणा दाखवितें. मेल्यावर शरीराला येणारा ताठा वैद्य लोक ज्या लॅटिन नांवानें ओळखतात, त्यांतला ‘रिगर’ तो हाच. १८६० च्या इंडियन पीनल कोडाच्या ५३ व्या कलमानें कैदेचे दोन प्रकार केले, एक रिगरस आणि दुसरा सिंपल. रिगरस म्हणजे कष्टाच्या कामासह. मराठी कोर्टांनीं त्यांचें ‘सक्तमजुरी’ आणि ‘साधी कैद’ असें नेमकें भाषांतर केलें. तो कायदा १ जुलै २०२४ पासून गेला आणि त्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. परंतु कैदेचा हा भेद नव्या संहितेच्या ४ थ्या कलमांतहि कायम आहे. हाच रिगरस शब्द गणितांत गेला कीं त्याचा मान वाढतो. रिगरस सिद्धता म्हणजे जिच्यांत एकहि पायरी गाळलेली नाहीं आणि कोठेंहि सूट घेतलेली नाहीं अशी सिद्धता. तुरुंगांत जो शब्द अंग मोडतो, तोच शब्द विद्येच्या क्षेत्रांत प्रामाणिकपणाची खूण ठरतो.

कांहीं शब्द माणसांच्या आणि गांवांच्या नांवांवरून पडले. फाजील कठोर कायद्याला इंग्रजींत ‘ड्रेकोनियन’ म्हणतात. इसवी सनापूर्वीं ६२१ च्या सुमारास अथेन्समध्यें ड्रेको नांवाच्या कायदेकारानें तेथील कायदे पहिल्यानें लिहून काढले. किरकोळ चोरीलाहि त्यांत देहांताची शिक्षा होती, आणि ते कायदे शाईनें नव्हे तर रक्तानें लिहिले आहेत असा शेरा पुढें एका वक्त्यानें मारल्याचें प्लूटार्क सांगतो. इसवी सनापूर्वीं ५९४ मध्यें सोलॉननें ते रद्द केले, पण मनुष्यवधाचा कायदा तेवढा राखला. तो पुढें इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकाच्या अखेरीस दगडावर पुन्हां कोरला गेला. जाणूनबुजून केलेला वध आणि हातून घडलेला वध यांत त्या कायद्यानें फरक केला होता. न्यायाचा एवढा बारीक विवेक करणाऱ्या माणसाचें नांव अविवेकी शिक्षेचें विशेषण होऊन राहिलें. एकदां विशेषण चिकटलें कीं मूळ माणसाची बाजू कोणी ऐकत नाहीं, हें याहून स्पष्ट कसें व्हावें?

दुसरें नांव फ्रान्सचें. चौदाव्या लुईच्या पायदळाला कवाईत शिकविणारा झां मार्टिने हा सेनाधिकारी १६७२ सालीं ड्यूसबर्गच्या वेढ्यांत मारला गेला; पण इंग्रजी भाषेनें त्याला ‘मार्टिनेट’ या शब्दांत जिवंत ठेवलें. नियम कशासाठीं आहे हें विसरून केवळ नियमासाठीं नियम पाळावयास लावणारा, बटण सुटलेलें दिसलें कीं सगळी पलटण उन्हांत उभी करणारा, तो मार्टिनेट. स्ट्रिक्ट माणसाविषयीं आदर असूं शकतो. मार्टिनेट म्हटल्यावर तो उरत नाहीं. तिसरें नांव स्पार्टाचें. सातव्या वर्षीं मुलाला घरांतून काढून राज्याच्या शिक्षणांत घालणाऱ्या त्या नगराच्या नांवावरून ‘स्पार्टन’ हें विशेषण आलें. पण आज तें स्वभावापेक्षां राहणीला अधिक लागतें. एक खाट, एक खुंटी आणि एक तांब्या एवढ्यावर भागणारी खोली स्पार्टन. तींत राहणारा गृहस्थ लोण्याहून मऊ असूं शकतो.

येथें चौथ्या घराची वाट लागते. कठोरपणा दुसऱ्यावर न वळतां स्वतःवर वळला, म्हणजे त्याचें नांव ‘ऑस्टिअर’. हा शब्द मूळचा ग्रीक, आणि त्याचा पहिला अर्थ चवीचा होता: जिभेला कोरड पाडणारी, तोंड आंत ओढणारी चव. मराठींत त्या चवीला ‘तुरट’ असा बिनतोड शब्द आहे. कच्चें केळें किंवा हिरडा तोंडांत घातल्यावर जें होतें, तें पूर्वीं ऑस्टिअर. ज्या जीवनांत गोडवा मुद्दाम कमी केला आहे तें जीवन तुरट, या उपमेनें तो शब्द चवीवरून चारित्र्यावर आला. व्रतस्थ, विरक्त, साधा आणि थोडा कोरडा, अशा माणसाचें तें वर्णन आहे. त्यांत निंदेपेक्षां आदर जास्त, पण तो दुरून केलेला आदर.

याच शब्दाचें नाम ‘ऑस्टेरिटी’. विसाव्या शतकांत त्याला राजकारणाचा रंग चढला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन विजयी झालें खरें, परंतु तिजोरी रिकामी झाली होती. प्रत्यक्ष युद्धांत ज्या पांवावर कधीं रेशन नव्हतें, त्या पांवावर १९४६ च्या जुलैपासून १९४८ च्या जुलैपर्यंत रेशन बसलें. आणि अन्नावरचें शेवटचें रेशन उठण्यास १९५४ साल उजाडलें. या काळाचें प्रतीक म्हणून लोकांनीं ज्यांच्याकडे पाहिलें, ते अर्थमंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स. १९४२ च्या मार्चमध्यें वाटाघाटींसाठीं दिल्लीस आलेले क्रिप्स ते हेच. ते शाकाहारी होते आणि मद्य घेत नसत. देशाला जी कोरडी भाकर ते वाढीत होते, तींत त्यांचें स्वतःचें ताट वेगळें नव्हतें. म्हणून लोक कुरकुरले, थट्टा करूं लागले, पण त्या शब्दाचा मूळचा मान अगदींच गेला नाहीं.

पुढें २०१० च्या सुमारास युरोपांतील अनेक सरकारांनीं कर्ज कमी करण्यासाठीं लोकोपयोगी खर्चाला कात्री लावली, तेव्हां त्या धोरणाचेंहि नांव ऑस्टेरिटीच पडलें. मेरिअम-वेबस्टर या अमेरिकन कोशमंडळानें त्या वर्षाचा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. या वेळीं प्रश्न असा उठला कीं, ही तुरट चव कोणाच्या जिभेवर? धोरणाचे समर्थक त्याला काटकसर म्हणत राहिले. ज्यांचें वाचनालय बंद झालें किंवा पेन्शन कमी झालें, त्यांना त्यांत हार्शपणाच दिसला. स्वतः उपास करणें हें व्रत. दुसऱ्याला उपाशी ठेवून त्याला व्रताचें नांव देणें ही निराळीच गोष्ट. शब्द एकच राहिला, पण त्यानें घर बदललें, आणि घर बदलतांच त्याची किंमत बदलली.

तेव्हां कठोरपणाला नांव कोण देतो, यालाहि महत्त्व आहे. चार्ल्स डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या १८४९–५० मधील कादंबरींत मर्डस्टोन नांवाचा सावत्र बाप आहे. तो आणि त्याची बहीण मिळून घरांतल्या भोळ्या आईला दडपून टाकतात आणि लहानग्या डेव्हिडला मार देतात. आणि या सर्वाला ते एकच गोंडस नांव देतात, ‘फर्मनेस’, म्हणजे खंबीरपणा. डेव्हिडला मात्र लहान वयांतहि कळतें कीं, हें जुलमाचें दुसरें नांव आहे. पुढें १९४८ सालीं बी. बी. सी. रेडिओच्या ‘ब्रेन्स ट्रस्ट’ या कार्यक्रमांत तत्त्ववेत्ते बर्ट्रंड रसेल यांनीं हीच मानवी खोड व्याकरणाच्या थट्टेंतून मांडली. क्रियापद तिन्ही पुरुषीं चालवावें तसें त्यांनीं एक विशेषण चालवून दाखविलें: प्रथमपुरुषीं तें फर्म राहतें, द्वितीयपुरुषीं हट्टी होतें आणि तृतीयपुरुषीं तर निव्वळ डुकरासारखें आडमुठें. वागणूक तीच, पुरुष बदलला कीं विशेषण बदलतें. आपल्या कठोरपणाला माणूस शिस्त म्हणतो, शेजाऱ्याच्या कठोरपणाला जाच.

असें असल्यामुळें या शब्दांची निवड करणारा मनुष्य, त्याला ठाऊक असो वा नसो, न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेला असतो. त्याच्या मदतीला इंग्रजी भाषेनें एक लहानशी खूण ठेवली आहे. स्ट्रिक्ट, स्टर्न आणि फर्म या शब्दांपुढें ज्याच्याशीं तसें वागावयाचें त्याचा उल्लेख करतांना बहुधा ‘विथ’ हें शब्दयोगी अव्यय येतें. हार्ड, हार्श आणि सिव्हिअर या शब्दांपुढें पुष्कळदां ‘ऑन’ येतें. विथ म्हणजे सोबत, ऑन म्हणजे वर. मुलांशीं स्ट्रिक्ट असणारी आई त्यांच्या सोबत असते. नियम तिचा आणि मुलांचा मिळून एक असतो. मुलांवर हार्श होणारा माणूस त्यांच्यावर वरून कोसळतो. हा भेद सर्वत्र काटेकोर पाळला जातो असें नव्हे, परंतु भाषेच्या कलाचा त्यावरून अंदाज येतो.

म्हणून प्रमाणपत्र, शिफारसपत्र किंवा शेरा लिहिणारानें लेखणी टेंकण्यापूर्वीं स्वतःला चार गोष्टी विचाराव्या. त्या माणसानें नियम ढळूं दिला नाहीं, एवढेंच सांगावयाचें आहे काय? तर स्ट्रिक्ट. त्याची मुद्रा करडी होती, पण मनाविषयीं बोलावयाचें नाहीं? तर स्टर्न. त्याच्या हातचा तडाखा जबर होता? तर सिव्हिअर, आणि तो अन्यायाचा होता असा आरोप करण्याची तयारी असेल, तरच हार्श. त्यानें आपल्या सुखाला कात्री लावली, दुसऱ्याच्या नव्हे? तर ऑस्टिअर. ज्याला या प्रश्नांचीं उत्तरें देतां येत नाहींत, त्याला त्या माणसाची पुरती ओळख नाहीं असें समजावें. मग दोष इंग्रजीच्या ज्ञानाचा राहत नाहीं.

या सगळ्या खटाटोपाचा एक लाभ मराठीच्या पदरींहि पडतो. इंग्रजी श्रीमंत आणि मराठी दरिद्री, असा समज वरच्या वर्णनावरून कोणी करून घेऊं नये. काटेकोर, करडा, करारी, खंबीर, जबर, सक्त, जाचक, निष्ठुर, खडतर, व्रतस्थ अशी मोठी मांदियाळी मराठीच्या घरांत पूर्वींपासून आहे. करारी आजोबा आणि निष्ठुर आजोबा यांतला फरक मराठी मुलाला कोणी समजावून द्यावा लागत नाहीं. परंतु रोजच्या घाईंत हे शब्द मागें पडतात आणि ‘कडक’ एकटाच सर्वांचीं कामें करूं लागतो. चहाच्या बाबतींत त्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. पण ज्या माणसानें तीस वर्षें नियम पाळला आणि कधीं आवाज चढविला नाहीं, त्यालाहि कडक म्हणावयाचें, आणि ज्यानें पोरांना भीतीनें थरथर कांपविलें, त्यालाहि कडकच म्हणावयाचें, हा दोघांपैकीं पहिल्यावर अन्याय आहे आणि दुसऱ्याला सवलत. इंग्रजी शब्द निवडतांना जो विचार करावा लागतो, तो मराठी शब्द निवडतांनाहि केला, तर हा अन्याय पुष्कळ अंशीं टळेल.